जेवले ते गढप्रेमी

देवासमोरची फरशी ओली होती. मी अजून पूजेला बसले नव्हते, आणि ताम्हनात पळीभर पाणी सोडलेलं होतं. थोडं बाहेर ओघळलं होतं. हातावर पाणी घेऊन संकल्प सोडायची ज्याला सवय नसते, त्याचं असंच सांडतं.

श्रावणातला सोमवार होता. सासूबाई गुडघ्यांमुळे देवघरात बसत नाहीत. हे एसटीत कंडक्टर, पहाटेच जळगावच्या गाडीवर गेलेले. राहिली जागृती.

"जागू, पाणी तू सोडलंस का गं?"

माझी सातवीतली मुलगी रिबीन दातात धरून वेणी घालत होती. तिने नुसती मान डोलावली.

"कशाचा संकल्प केलास?"

"सांगायचा नसतो ना. तूच म्हणतेस."

मला बरंच वाटलं. सोमवार धरला असेल, संध्याकाळी सोडेल, असं म्हणून मी फरशी पुसून घेतली.

संध्याकाळी महादेवाला जाऊन आले, पानं वाढली. जागृती पाटावर बसली नाही. "मला नको," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी शाळेचा डबा जसाच्या तसा परत आला. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, फडक्याची गाठसुद्धा मी मारलेलीच. त्या रात्रीही ती तांब्याभर पाणी पिऊन अंथरुणाकडे निघाली.

उपास मला नवे नाहीत. चातुर्मासात सूर्याचं दर्शन झाल्याशिवाय मी अन्न घेत नाही. आभाळ भरलेलं असलं की ताटकळायचं. कधी दुपारी ढग फाटतात, कधी दिवस तसाच जातो, आणि मग दुसऱ्या दिवसावर नजर ठेवायची. लहानपणी जागृती माझ्यासाठी घराच्या धाब्यावर चढून बसायची आणि वरून ओरडायची, "आई, दिसला, दिसला! जेव!" भूक कशी गिळायची, कुणी विचारलं तर कारण कसं सांगायचं नाही, स्वयंपाकाचा वास आला की तिथून कसं उठून जायचं, हे तिने माझ्याकडे बघूनच उचललं होतं. म्हणून मी घाबरले. पोराचा रुसवा असता तर संध्याकाळपर्यंत उतरला असता.

कारण कळलं ते शेजारच्या लताबाईंकडून.

"अहो कुंदाबाई, आमची कामिनीपण एक दिवस बसली होती की उपाशी. त्या टीव्हीतल्या बाईसाठी. मी पाठीत एक धपाटा दिला, ताट पुढ्यात आदळलं. जेवली मुकाट्यानं."

"कुठल्या बाईसाठी?"

"ती विहंगा. शून्यगढची. घरात त्याची पुस्तकं येतात तुमच्या, आणि तुम्हाला माहीत नाही?"

माहीत होतं आणि नव्हतं. शून्यगढ म्हणजे रविवारी सकाळी लागणारी हिंदी मालिका. आभाळापलीकडे तरंगणारा एक किल्ला, त्यात राहणारी माणसं, त्यांची यानं, त्यांची युद्धं. आमच्याकडे टीव्ही नव्हता. भडगावच्या स्टँडसमोर बन्सीलालचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे सगळी पोरं जमायची. बन्सीलाल चाळिशीकडे आलेला, लग्न न झालेला, पोरांहून जास्त तोच त्या मालिकेचा वेडा. दुरुस्तीला आलेले सगळे सेट तो एकदम लावायचा. एकात चित्र हिरवं, एकात चेहरा लांबुडका, एकात नुसता आवाज. जागृतीला बोलवायला गेले की मी उंबऱ्याबाहेर उभी राहायची, आणि ती विहंगा सगळ्या काचांतून एकाच वेळी माझ्याकडे बघायची. मला ते बघणं कधी आवडलं नाही.

त्या मालिकेची चित्रांची पुस्तकंही निघाली होती. जळगावच्या स्टँडवरून हेच आणायचे, लेकीच्या हौसेखातर. पुस्तकांत शेवटच्या पानावर वाचकांची पत्रं असत. मुंबईची मुलं स्वतःला शून्यगढी म्हणवत, जळगावच्या कॉलेजातली गढप्रेमी. बन्सीलालला दोन्ही नावं पसंत पडली नाहीत.

"प्रेमी म्हणजे नुसता बघणारा," तो पोरांना म्हणाला होता. "बघितलं, टाळ्या वाजवल्या, घरी जाऊन वरणभात हाणला. आपण तसले नाही. आपण प्रहरी."

प्रहरी म्हणजे त्या किल्ल्याच्या दारावरचे पहारेकरी. एकमेकांना भेटले की कपाळावर आडवा हात धरून लांब कुठेतरी पाहायचं, ही त्यांची रीत. शाळेत, बाजारात, गिरणेच्या पुलावर, कुठेही. सासूबाई विचारायच्या, "ऊन नही, काही नही, नि हाई पोर कपाळवर हात धरीसन काय देखस वं?" मी हसायची.

त्यांचा एक नियम मात्र मला ठाऊक नव्हता. तो कामिनीने सांगितला. आपलं एक जरी माणूस दाराबाहेर असेल, तरी प्रहरीने अन्नाला शिवायचं नाही. आणि मालिकेत शेवटी झालं होतं ते असं, की किल्ला वाचवायला विहंगा बाहेर गेली, मागे दार बंद झालं आणि ती त्या काळोखात एकटी राहिली. पुढच्या रविवारी त्या वेळेला शेतीचा कार्यक्रम लागला. त्याच्या पुढच्या रविवारीही तोच.

"मग ती परत कधी यायची?" मी विचारलं.

"येणारच नाही ना काकू," कामिनी म्हणाली. "सीरियल बंद पडली. बन्सीकाका म्हणतात, पुढचं काढलंच नाही त्यांनी."

व्रताला शेवट असतो. सोमवार मोजून करतात, मग त्याचं उद्यापन होतं, मेहूण जेवतं, आणि माणूस मोकळं होतं. माझ्या नेमालाही कार्तिक आहे. ढग कितीही दाटले तरी त्यांच्यामागे सूर्य असतोच, ह्या भरवशावर मी उपाशी राहते. माझ्या लेकीने जिच्या येण्यावर पाणी सोडलं होतं, ती येणारच नव्हती. तिला आणणाऱ्यांनी काम बंद करून दुकान आवरलं होतं.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी आधी समजावलं, मग ओरडले, मग पुस्तकांचा सगळा गठ्ठा उचलून पाणी तापवायच्या बंबात घातला. मला वाटलं, आता पोर आक्रस्ताळेपणा करील. रडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीला टेकून धूर बघत बसली.

"नाना," ती वडिलांना म्हणाली, "त्यात ती नाहीये. ती बाहेर आहे."

ह्यांच्या हातातला चिमटा खाली आला.

सासूबाईंनीही त्यांच्या परीने करून पाहिलं. जागृतीच्या अंथरुणाशेजारी शेगडी मांडली आणि गुडघे विसरून भाकरी थापायला बसल्या. लसणाची चटणी वाटून वाटी तिच्या नाकासमोर धरली. "देख वं माय, कशी फुगनी भाकर. तुनी त्या विहंगाले तठे हाई भेटस का?"

"नाही ना आजी," जागृती म्हणाली. "म्हणून तर."

सासूबाईंनी शेगडी उचलून आत नेली. बराच वेळ त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

मग ती शाळेत जाईनाशी झाली. उठताना भिंत धरायची. ओठांना सालं आली. मी जवळ गेले की तिच्या तोंडाला पिकून उतरलेल्या केळ्यांसारखा वास यायचा. तो वास मला ओळखीचा आहे. पोटात काही उरलं नाही की अंगच अंगाला खायला लागतं, त्याचा तो वास. माझ्या तोंडाला तो कधी आला की मला वाटायचं, देवाच्या जवळ आले. लेकीच्या तोंडाला आला तेव्हा मी ह्यांना डॉक्टरांकडे पिटाळलं.

डॉक्टर घरी आले. साखरमिठाचं पाणी करून दिलं, तर म्हणाली, त्यात साखर आहे, साधं द्या. शेवटी सलाईन लावलं. जाताना डॉक्टर ह्यांना अंगणात घेऊन गेले, पण आवाज आत येत होता.

"सलाईनवर किती ठेवणार? उद्यापर्यंत तोंडाने काही गेलं नाही तर जळगावला हलवा. नाकातून नळी घालतील. ओढून काढायला लागली तर हात बांधावे लागतील. मूत्रपिंडांवर आलं तर मग माझ्या हातात काही नाही."

हे तसेच चपला घालून निघाले. परत आले ते बन्सीलालला दंडाला धरून. लताबाई, कामिनी आणि गल्लीतली दोन-चार माणसं मागून आली.

"सांग तिला! तू लावलंस हे खूळ, तूच काढ."

बन्सीलाल घामाने भिजला होता. "वहिनी, शप्पथ सांगतो, एका दुपारपुरता खेळ होता हो. मालिका बंद पडली म्हणून पोरं हिरमुसली होती. म्हटलं, आजचं जेवण सोडू तिच्या नावानं. बस."

"माझ्या पोरीला काही झालं ना," हे म्हणाले, "तर तुझ्या दुकानातला एक सेट शाबूत ठेवणार नाही."

"सेट लोकांचे आहेत हो रुपचंदभाऊ."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बन्सीलाल जागृतीच्या उशाशी गेला. त्याने कपाळावर आडवा हात धरला.

"प्रहरी जागृती. पहारा संपला. जेवून घे बेटा."

तिने डोळे उघडले. त्याच्याकडे नीट पाहिलं. "काका, तुम्ही जेवलात?"

"आता... म्हणजे आज ना? थोडं..."

"नाही. त्या दिवशी."

बन्सीलालने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. खोटं बोलला असता तर चाललं असतं, आम्ही सगळे मनातून तेच म्हणत होतो. पण त्या पोरीसमोर त्याच्याने ते झालं नाही. "संध्याकाळी जेवलो गं," तो म्हणाला. "शेवभाजी."

"मग तुम्ही गढप्रेमी," जागृती म्हणाली. "जेवले ते गढप्रेमी. प्रहरीचा पहारा प्रहरीच बदलू शकतो."

आणि तिने तोंड भिंतीकडे केलं. बन्सीलाल दारातल्या पायरीवर जाऊन बसला. त्याला कुणी ऊठ म्हणालं नाही.

सासूबाई माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "कुंदा, लेकरूनं व्रत मायले लेता येस."

हे मला माहीत होतं. मला लग्नाआधी विषमज्वर झाला होता, तेव्हा माझे सोमवार माझ्या आईने पुरे केले होते. लेकराच्या हातचं पाणी आईच्या हातावर पडलं की लेकरू मोकळं होतं. पण ज्याला शेवट नाही ते घ्यायचं कसं?

लताबाईंनी ऐकलं होतं. त्या कानाशी लागून म्हणाल्या, "घ्या की खोटंखोटं. पोर जेवली म्हणजे झालं. आपण मागल्या दारी दोन घास खायचे. तिला काय कळतंय?"

लताबाई वाईट नाहीत. कुणीही हेच म्हणालं असतं. पण हातावर पाणी घेऊन खोटं बोलायला मला येत नाही. ह्यात माझा काही मोठेपणा नाही, काहींना पोहता येत नाही तसं आहे ते. आणि जागृतीला ते ठाऊक होतं. मी खोटं घेतलं असतं तर तिने ते पहिल्या घासाला ओळखलं असतं.

त्या आठवड्यात पाऊस नव्हता, पण ढग फाटायचं नाव घेत नव्हते. आदल्या दिवसापासून सूर्य दिसला नव्हता. मीही उपाशीच होते. ते लक्षात आलं तशी मी उठले.

मी तिच्याजवळ बसले.

"जागू, जो जेवला नाही तो प्रहरी ना?"

"हं."

"मी कालपासून जेवलेली नाही."

तिने मान वळवून खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. "तुझं सूर्यासाठी आहे."

"सूर्यासाठी आहे. आता विहंगासाठीपण करते."

"तुला ती खरी वाटत नाही."

"श्रावणातल्या रविवारी मी तांदळाचे दाणे हातात धरून कहाणी वाचते, तू ऐकतेस," मी म्हटलं. "त्यातल्या राणीला मी कुठे पाहिलंय? तरी ती रानात उपाशी हिंडते तिथे आलं की दर वर्षी माझा आवाज फुटतो. तुझी विहंगा बाहेर आहे एवढं मला कळतं."

जागृती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं. "म्हणजे ती येईपर्यंत तू जेवणार नाहीस?"

"नाही."

"खरंच?"

"मी कधी खोटं पाणी सोडलंय का?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत भीती दिसली. "नको, आई," ती म्हणाली. पण तिच्या अंगात मला ढकलायचीही ताकद नव्हती. मी ताम्हन आणि पळी आणली. हे दारातून ओरडले, "डोकं फिरलं का तुझं? तुझ्या अंगात रक्त किती आहे ते डॉक्टरांना विचार!" मी ऐकलं नाही. कपाळावर आडवा हात धरला. गळ्यात माझी तुळशीची माळ होती. देवाशिवाय दुसऱ्या कुणाची मी स्वतःला कधी म्हणवून घेतलं नव्हतं.

"मी प्रहरी," मी म्हटलं. "पहारा माझ्याकडे दे."

मी पळीने घातलेल्या पाण्याची ओंजळ तिने उलटी केली. तिच्या हातचं पाणी माझ्या हातावर पडलं, माझ्या हातावरून ताम्हनात. सासूबाईंनी भाताची पेज आणली. पहिला चमचा तिने ओकून टाकला. दुसरा राहिला. नंतर वाटीभर गेली. ती झोपली तेव्हा मी देवासमोर बसून खूप रडले, पण आवाज न करता, कारण बाहेर सगळे खुश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढग फाटले. जागृतीनेच अंथरुणातून पाहिलं. तिचा आवाज चिरका झाला होता, तरी ती ओरडली, "आई, दिसला! जेव!"

मी अंगणात जाऊन अर्घ्य दिलं, नमस्कार केला. आत आले, पाणी प्यायले आणि मेथी निवडायला बसले. सासूबाईंनी माझ्यापुढे ताट ठेवलं. मी ते हळूच बाजूला सरकवलं.

"आई, सूर्य दिसला ना," जागृती म्हणाली.

"दिसला की. तो नेम सुटला, बाळा. हा वेगळा."

तिच्या हातातली पेजेची वाटी कलंडली आणि चादर भिजली.

त्यानंतरचे दिवस उलटे गेले. आता ती माझ्यावर नजर ठेवायची. मी पाणी प्यायले की बघायची, उठले की बघायची, मोरीकडे गेले की मागे यायची. स्वतः चार घास खाऊन थांबायची, माझ्याकडे पाहून पुन्हा खायची, कारण मी सांगितलं होतं की तिने खाल्लं नाही तर मी केलं ते फुकट जाईल. एकदा जवळ येऊन तिने माझ्या तोंडाचा वास घेतला. मग देवघरात जाऊन बसली आणि हात जोडून नुसतीच बघत राहिली. काय मागावं ते तिला सुचत नव्हतं, हे मला पाठीवरून कळत होतं.

ह्यांनी ड्युटीवर जाणं सोडलं. पायरीवर बसायचे. "कुठून आणू ती बाई?" असं कुणाला तरी विचारायचे. "मुंबईला जाऊ? दिल्लीला जाऊ?" बन्सीलालकडून त्यांनी टीव्हीवाल्यांना पत्र लिहून घेतलं. उत्तर आलं तर महिन्याने येईल, असं बन्सीलालच म्हणाला. तरी ह्यांनी ते पत्र पेटीत टाकलं.

मला मरणाची भीती वाटत होती का? वाटत होती. माळ घातली म्हणून ती जात नाही. कानांत सारखा भुंगा वाजायचा. पूजेला बसले की समया दोन दिसायच्या. आणि सगळ्यात भीती ह्याची, की माझ्या पोटात भूक कमी व्हायला लागली होती. आता हे सोपं आहे, असं वाटायला लागलं होतं. जागृतीलाही असंच वाटलं असेल. त्या सोपेपणातून तिला मी ओढून बाहेर काढलं होतं, मला कोण काढणार?

मग एका सकाळी धुणं घेऊन उठले आणि दगडापाशी पडले. शुद्धीवर आले तेव्हा डोकं जागृतीच्या मांडीवर होतं. सासूबाई कांदा फोडून नाकाशी धरत होत्या. जागृती रडत नव्हती. तिने माझं डोकं हळूच सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं, चपला घातल्या आणि भिंतीला धरत दारातून बाहेर पडली.

"कोठे चालनी वं?" सासूबाई ओरडल्या. तिने वळून पाहिलं नाही.

दुपारी परत आली ती बन्सीलालला आणि सगळ्या पोरांना घेऊन. मला भिंतीला टेकवून बसवलं होतं. पोरं अंगणात मान खाली घालून उभी राहिली. बन्सीलालची दाढी वाढली होती.

"ह्यांच्यातलं सकाळपासून कुणी जेवलेलं नाही," जागृती मला म्हणाली. "मी विचारून घेतलंय."

"आईनं ताट आदळलं तरी नाही जेवले, काकू," कामिनी म्हणाली. मागून लताबाई फणफणत आल्याच होत्या, पण माझ्याकडे बघून दारातच थांबल्या.

"काका," जागृती बन्सीलालला म्हणाली, "आपण पहारेकरी ना? मग पहारा दाराच्या कुठल्या बाजूला असतो?"

"आत. आतच असणार की."

"आणि कडी?"

बन्सीलाल डोळे बारीक करून आठवायला लागला, एखाद्या सेटमधली तार कुठून कुठे गेलीय ते बघावं तसा. "कडी... आतून आहे," तो हळूहळू म्हणाला. "दार बंद झालं ते दाखवलंय. पण ते उघडत नाही असं कुठे दाखवलेलं नाही. कुठेच नाही."

"मग ती येण्याची वाट कसली बघतोय आपण?" जागृती म्हणाली. "ती दार वाजवत असेल बाहेर. आपण उपाशी बसलोय, पण उठून दार कुणीच उघडलं नाही."

सगळी पोरं आत आली. जागृतीने पुढचं दार लावलं, कडी घातली. खिडकीही ओढून घेतली. घरात काळोख झाला. एवढ्या माणसांचे श्वास ऐकू येत होते. मग ती माझ्याजवळ आली.

"पहारा तुझ्याकडे आहे. तू उघड."

ह्यांनी आणि बन्सीलालने मला दोन्ही बाजूंनी धरलं. मी दारापर्यंत गेले. कडीवर हात ठेवला आणि थांबले. उघडल्यावर बाहेर कुणी नसेल, हे मला ठाऊक होतं. नसलेलं मला 'आहे' म्हणता येणार नव्हतं. आणि नाही म्हटलं तर हे सगळं इथेच संपत होतं. माझं, आणि मग कदाचित पुन्हा तिचं.

मी कडी काढली.

गल्लीत ऊन पडलं होतं. समोरच्या ओट्याखाली शेळी बांधलेली होती. बाकी रस्ता मोकळा. मागे पोरांनी कपाळावर हात धरले होते. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती दोन्ही भिंतींना सरकली आणि मधे वाट झाली. पाहुणं आलं की करतात तशी.

मी बाहेर पाहिलं नाही. मी जागृतीकडे पाहिलं. ती उंबऱ्याकडे बघत होती. मग तिची नजर हळूहळू आत आली, माझ्या बाजूने गेली, त्या वाटेने चालत जावी तशी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

"आली," ती म्हणाली.

तिला ती दिसली की मला वाचवायला ती तसं म्हणाली, हे मी तेव्हा विचारलं नाही. पुढेही कधी विचारायची माझी छाती झाली नाही. पाणी पहिल्यांदा तिने सोडलं होतं. मागणं तिचं होतं. ते पुरं झालं की नाही, हे तिच्याशिवाय दुसऱ्याने सांगायचं नसतं. व्रताची रीत तशीच आहे.

"आली ना?" मी एवढंच म्हटलं.

"आली. जेव आता. आई, जेव."

चटई अंथरली. सासूबाईंनी मऊ भात कालवला. पहिला घास जागृतीने भरवला. निम्मा भात माझ्या पदरात पडला. घास गिळताना घसा सोलवटला. ह्यांनी तोंड फिरवलं. बन्सीलाल त्या दिवशी बसला होता त्याच पायरीवर जाऊन बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून हुंदके द्यायला लागला, तेव्हा लताबाईच त्याला म्हणाल्या, "चला, उठा आता. पोरांनाही वाढायचंय."

पोरांची पंगत बसली. सासूबाई भाताचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एक ताट जास्तीचं मांडलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिलेबी वाढ वं. इतला दिन बाहेर व्हती, भुकी व्हई."

कुणी हसलं नाही. जागृती चटईवर थोडी सरकून बसली.